न खाल्लेलं उष्टं

कर्करोगाच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरला कुणी विचारत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या मागे नातेवाइकांची रांग असते, किरणांचं यंत्र चालवणाऱ्यांना लोक हात जोडतात, आणि माझ्या खोलीत आले की म्हणतात, जीव वाचायची मारामार आहे आणि तुम्ही दातांचं काय घेऊन बसलात? मी वाद घालत नाही. वर्षभरानं तेच लोक माझ्या दारात बाकावर बसलेले दिसतात. जीव वाचलेला असतो, पण भाकरीचा तुकडा घशाखाली उतरत नसतो.

जोतिराम खराडे मात्र पहिल्या दिवसापासून वाद घालतच आले. मला तो माणूस तेव्हाच आवडला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

आमच्या मिरज-सांगलीकडे त्यांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. कुस्तीच्या मैदानाचे ते निवेदक. ज्यांनी मैदान पाहिलेलं नाही त्यांना सांगते, निवेदक म्हणजे नुसता माईक धरून 'हा जिंकला, तो हरला' म्हणणारा माणूस नव्हे. दुपारी पहिली जोड आखाड्यात उतरल्यापासून दिवेलागणीला शेवटची कुस्ती सुटेपर्यंत तो बोलत असतो. पैलवान कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, त्याच्या आज्यानं कुठलं मैदान मारलं होतं, हे सगळं हलगीच्या ठेक्यावर, तोंडपाठ. खराडे आप्पांचा आवाज ऐकला की बांधावरची म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहत. पन्नाशी उलटून गेल्यावर त्यांच्या टॉन्सिलमध्ये गाठ निघाली. जो तो विचारायचा, मावा खात होता काय? आप्पांचा संताप व्हायचा, कारण त्यांनी आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. गाठीला ते कोण सांगणार?

आणि इथं त्यांच्या स्वभावाची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आप्पांना उष्ट्याची भयंकर किळस होती. तालमीत सगळी पोरं एकाच भांड्याला तोंड लावून थंडाई प्यायची, हे बाजूला उभे. कुठंही गेले तरी स्वतःचा तांब्या बरोबर, आणि पाणी प्यायचं ते वरून, ओठाला भांडं न लावता. स्वतःच्या लग्नात नवरीनं घास भरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो आधी तळहातावर घेतला आणि मग खाल्ला, तिची बोटं ओठाला लागू नयेत म्हणून. सगळा मांडव हसला होता म्हणे. ती नवरी म्हणजे शालनकाकू. त्या मात्र सासूनं शिकवल्याप्रमाणे रोज आप्पांचं जेवण झालं की त्यांच्याच ताटात वाढून घेत. यात वावगं काही आहे असं त्या घरात कुणाला कधी वाटलं नाही. उष्टं एकाच दिशेनं वाहायचं.

किरण सुरू व्हायच्या आधी माझी दोन कामं असतात. पहिलं, संशयास्पद दात काढून टाकणं. किरण बसलेल्या जबड्याचं हाड नंतर लवकर भरून येत नाही, तेव्हा पुढं दात काढायची पाळीच येऊ नये. आप्पांनी एक अक्कलदाढ कुरकुर न करता दिली. दुसरं काम नवं, गेल्या काही वर्षांत सुरू झालेलं. खालच्या ओठाच्या आत लाळेच्या अगदी बारीक ग्रंथी असतात. त्यातला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून गोठवून ठेवायचा. किरणांनी मोठ्या ग्रंथी जळाल्या की तो दाणा प्रयोगशाळेत वाढवायचा आणि तयार झालेलं रोप गालात लावायचं. आम्ही त्याला लाळरोप म्हणतो. आपलंच बियाणं, आपल्याच रानात.

दाणा देण्याआधी तो कुठं ठेवणार ते आप्पांनी बघायला मागितलं. मी हौसेनं दाखवायला नेलं, तिथंच चुकलं. टाकीचं झाकण उघडलं, पांढरी वाफ निघाली आणि आत शेकडो कुप्या दाटीवाटीनं उभ्या. प्रत्येक कुपी वेगळी बंद असते, एकीचं दुसरीला काही लागत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. आप्पांनी नाकाला उपरणं लावलं.

"साऱ्या गावाच्या थुंकीत माझं न्हाई ठेवायचं बाई," ते म्हणाले, आणि विषय संपला.

काकूंनी त्यांना एकदा हळूच सुचवून पाहिलं, मी दोनदा सुचवलं. पण आप्पांच्या नाहीचं हो करणं म्हणजे दगडाला पान्हा फुटण्यासारखं होतं. किरण सुरू झाले. तोंड सोलून निघालं, त्यावर आम्ही लाल प्रकाशाचा लेझर दिला, मीठ-सोड्याच्या गुळण्या करवल्या. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकीवर एक रचून दातांत धरायला लावल्या. काकू रोज एक काडी वाढवून बघायच्या. गाठ गेली, मागमूस राहिला नाही, आणि पेढे वाटले गेले. ते पेढे आप्पांना मात्र खाता आले नाहीत, कारण तोंडात लाळेचा टिपूस नव्हता.

लाळ ही गोष्ट किती मोठी आहे हे ती जाईपर्यंत कुणाला कळत नाही. ती घास भिजवते, दात राखते, भाकरी चावता चावता गोड करते. चवीचं तर असं, की पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला त्याचा पत्ताच लागत नाही. आणि बोलणं? कोरड्या तोंडात जीभ टाळूला चिकटते आणि शब्द सुटा करून काढावा लागतो. आप्पा भाकरी दुधात कुस्करून गिळायला शिकले होते, रात्री उशाशी पाणी ठेवायला शिकले होते. पण नांदणगावच्या मैदानात ते माईकपुढं उभे राहिले आणि दुसऱ्या-तिसऱ्या कुस्तीलाच त्यांची जीभ टाळूला बसली. तिकडं पैलवान पट काढत होता आणि इकडं आप्पा बाटली शोधत होते.

नांदणगावच्या कमिटीतली पोरं हुशार. त्यांनी आप्पांच्या जुन्या ध्वनिफिती एका यंत्राला खायला घालून ठेवल्या होत्या. बटण दाबलं आणि कर्ण्यातून आप्पांचाच आवाज घुमायला लागला. आखाड्यावर कॅमेरा, यंत्राला सगळे डाव ठाऊक, सगळ्या तालमी पाठ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कमिटीनं आप्पांना मानानं खुर्ची दिली, शाल दिली. पुढच्या वर्षी तुम्ही नुसते येऊन बसा, बाकी यंत्र बघून घेईल, असंही सांगितलं. काकू मला म्हणाल्या, घरी आल्यावर त्यांनी ती शाल ट्रंकेत तळाला घातली आणि त्या आठवड्यात घरात कुणाशी शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर ते माझ्याकडे आले. खुर्चीत बसले. मग घोटभर पाणी घेऊन म्हणाले, "बाई, ती थुंकी आता ठिवता येईल का?"

आता येत नव्हती, हे सांगताना मलाच जड गेलं. ओठातल्या त्या बारीक ग्रंथीही किरणांत होरपळून गेल्या होत्या. त्यांचं स्वतःचं बियाणं संपलं होतं.

दुसऱ्या कुणाचं घेता आलं असतं, पण त्यात एक मेख होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. परक्या शरीराचा तुकडा आत आला की आपलं रक्त त्याच्यावर तुटून पडतं. एका गोष्टीवर मात्र ते तुटून पडत नाही, आणि ती म्हणजे अन्न. शेंगदाणाही परकाच, डाळही परकीच. पण तोंडावाटे पुन्हा पुन्हा थोडं थोडं येणारं जे असतं ते आपलंच मानायचं, अशी शिकवण शरीराला आतड्यात मिळते. ज्या मुलांना लहानपणापासून शेंगदाणे मिळतात त्यांना त्याचं वावडं सहसा होत नाही, ते याचमुळं. आमच्या शाखेत सापडलेली नवी गोष्ट एवढीच, की हाच न्याय माणसालाही लागू पडतो. ज्याची लाळ तुमच्या पोटात वर्षानुवर्षं जात राहिली, त्याच्या ग्रंथीचं रोप तुमचं शरीर बिनबोभाट स्वीकारतं. सख्खा भाऊ असून चालत नाही. त्याचं उष्टं खाल्लेलं असावं लागतं.

हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. साऱ्या जगात या उपचाराला सगळ्यात नालायक माणूस शोधायचा म्हटलं असतं, तर तो माझ्यासमोर खुर्चीत बसला होता.

"आई असती तर," ते म्हणाले. लहानपणी आईनं चावून घास भरवला असेल तेवढंच काय ते. पण आई जाऊन कैक वर्षं झाली होती.

तरी प्रयत्न म्हणून आम्ही चाचणी केली. रुग्णाच्या रक्ताचा थेंब आणि दात्याची लाळ एका पेटीत समोरासमोर आणायची. रक्त खवळलं की पडद्यावरची रेघ उसळते, ओळख पटली तर रेघ सपाट राहते. धाकट्या भावाच्या लाळेवर आप्पांचं रक्त असं उसळलं की पेटी बिघडली की काय वाटलं. पुण्याहून मुलगा पृथ्वीराज आला, त्याचीही तीच गत. बापानं लेकाचा अर्धा लाडू कधी खाल्लाच नव्हता. तालमीतला एक जुना जोडीदार स्वतःहून येऊन थुंकून गेला, उपयोग शून्य. राहता राहिल्या काकू. त्यांची चाचणी करण्यात तसा अर्थ नव्हता. आप्पांच्या ग्रंथीचं रोप काकूंच्या शरीरानं हसत हसत घेतलं असतं, कारण आयुष्यभर त्या यांच्या ताटात जेवल्या. उलटं कसं होणार? तरी नियम म्हणून मी त्यांना बोलावलं. त्या येतो म्हणाल्या आणि आल्या नाहीत. पुन्हा बोलावलं, तर म्हणे गुडघा दुखतोय. मला वाटलं, सुईला भीत असतील. पण चाचणीला सुई नव्हतीच, नुसतं कुपीत थुंकायचं होतं.

मग एका दुपारी काकू एकट्याच आल्या. दार लोटून घेतलं, पदर सारखा केला, बसायला सांगितलं तरी उभ्याच राहिल्या. आप्पांना न कळवता चाचणी होईल का, असं त्यांनी विचारलं. होईल, मी म्हणाले. मग खरा प्रश्न आला.

"आणि जुळलं, तर का जुळलं ते त्यांस्नी सांगावं लागंल का?"

मला काही उलगडेना. जुळायचं नाही हो काकू, असं मी सांगत होते आणि त्यांनी कुपी घेऊन पाठ फिरवली. आप्पांचं रक्त मागच्या चाचणीचं शिल्लक होतं, त्याच्यासमोर मी काकूंच्या लाळेचा थेंब पेटीत घातला. पडद्यावरची रेघ सरळ निघाली आणि सरळच राहिली. ताटात ठेवलेल्या पाण्यासारखी सपाट. एवढी शांत रेघ मी माय-लेकरांतही पाहिलेली नव्हती. मी पेटी पुसून पुन्हा करून बघितलं, तरी तेच.

काकू बाकावर बसल्या आणि मग हळूहळू सगळं बोलल्या. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. घरी आप्पांचे वस्ताद जेवायला आलेले, पंगत बसलेली, आणि आमटी अळणी झाली. आप्पांनी एक घास घेतला आणि काही न बोलता भरल्या ताटावरून उठून निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं, काकू म्हणाल्या. सासू, नणंदा, वस्ताद, सगळे आपल्याकडे बघतायत आणि आपण हातात पळी घेऊन उभ्या आहोत, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. त्या दिवसापासून त्या प्रत्येक पदार्थाची चव घेऊ लागल्या. रीतीप्रमाणे थेंब तळहातावर घ्यायचा असतो. पण तळहाताला हळद-लसणाचा वास, मिठाचा अंदाज यायचा नाही. म्हणून पळी ओठाला लावायच्या आणि तशीच पुन्हा पातेल्यात. एकदा भागलं नाही तर दोनदा.

"उकळत असताना की खाली उतरवल्यावर?" मी विचारलं. मला त्या क्षणी शास्त्राशिवाय काही सुचत नव्हतं. आमटी उकळती असती तर लाळेतलं फारसं काही शिल्लक राहिलं नसतं.

"उतरवल्यावरच की. मीठ शेवटाला बघायचं आसतंय. आन् ताक, कोशिंबीर, चटणी ह्यास्नी कुठला जाळ?"

म्हणजे दोन वेळा, रोज, सगळा संसारभर. जगात ज्या माणसाला उष्ट्याचा सर्वांत जास्त तिटकारा, त्याच्याइतकं बायकोचं उष्टं दुसऱ्या कुणी खाल्लं नसेल. मला हसू फुटलं आणि काकूंचा चेहरा बघून ते मी गिळून टाकलं. त्या घाबरल्या होत्या. नवऱ्याला आवाज मिळावा असंही त्यांना वाटत होतं, आणि तो मिळवायचा तर इतक्या वर्षांचं झाकलेलं उघडं करावं लागणार होतं. तो माणूस आता आपल्या हातचं जेवेल का, एवढीच भीती. मी सांगितलं, रोप कुणाचं आहे आणि का जुळलं, हे घेणाऱ्याला सांगितल्याशिवाय मला ते लावता येत नाही. हवं तर मी सांगते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. स्वतःच सांगणार होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघं माझ्यासमोर बसली. काकूंनी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं, पळीपर्यंत. आप्पा ऐकत होते. कोरडं तोंड किंचित उघडं राहिलेलं.

"ताकाची बी?" त्यांनी अखेर विचारलं.

"व्हय."

"दिवाळीच्या चिवड्याची?"

"त्याची तर मूठभर."

आप्पा उठले आणि बाहेर गेले. काकू हलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "पयल्यांदाबी आसंच गेलते उठून." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला त्या वेळी आप्पांचा इतका राग आला, की दार उघडून त्यांना चार शब्द ऐकवावेत म्हणून मी खिडकीशी गेले. ते खाली कडुलिंबाजवळ उभे होते. हाताची मूठ तोंडासमोर धरलेली, माईक धरतात तशी. ओठ हलत होते. कुठल्या तरी पैलवानाचं नाव पुकारत होते. अर्ध्यातच थांबायचे, बाटलीतून घोट घ्यायचे, पुन्हा पहिल्यापासून. मी काकूंना हाक मारून खिडकीशी आणलं. आम्ही दोघी बघत राहिलो आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

ते परत आले तेव्हा घामाघूम झाले होते. काकूंकडे न बघता माझ्याशी बोलले.

"एवढी वर्सं खाल्लं, त्यानं मला काय झालं न्हाई. झालं ते दुसऱ्याच कशानं झालं. मग आता काय म्हणून भ्यायचं? लावा बाई."

काकूंच्या ओठातला दाणा काढायला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला. प्रयोगशाळेत त्याचं रोप धरलं, फुटवे फुटले, पानावरच्या शिरांसारख्या बारीक नळ्या तयार झाल्या. मग ती रोपं आप्पांच्या दोन्ही गालांत आणि जिभेखाली बसवली. किरणांतून गेलेली जागा म्हणजे जळलेलं शेत, रुजेल की नाही याची धाकधूक मलाही होती. शरीरानं हूं की चूं केलं नाही. रोप रुजलं आणि एके सकाळी दवाखान्याच्या खाटेवर आप्पा जागे झाले तेव्हा उशी ओली होती. त्यांनी मला बोलावून ती उशी दाखवली. लहान मुलानं पडलेला दात दाखवावा तशी. आयुष्यभर थुंकीची किळस करणारा तो माणूस ओल्या उशीवरून हात फिरवत होता आणि रडत होता. खरं सांगते, मीही रडले.

घरच्या पहिल्या जेवणाला त्यांनी मला बोलावलं. लाळेबरोबर आणखी काय बदलतं याची मला उत्सुकता होतीच. प्रत्येकाच्या लाळेत मीठ असतं, कुणाच्या कमी, कुणाच्या जास्त. ज्याच्या लाळेतच मीठ अधिक, त्याला पदार्थात ते भरपूर घालावं लागतं, तेव्हा कुठं जिभेला फरक कळतो. लाळ बदलली की ती मोजपट्टीच बदलते. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्याचा इतका अर्थ लागला नसता.

काकूंनी ज्वारीची भाकरी केली होती, कुळथाची आमटी, खरडा, कांदा. सगळं नेहमीच्या हातानं, नेहमीच्या मापानं. पळी मात्र ओठाला लावली नाही, हे मी चुलीपाशी बसून पाहिलं. इतक्या वर्षांत हाताला माप बसलं होतं. आप्पांनी भाकरी मोडली, कोरडाच तुकडा चावला, आणि तो तोंडात भिजला. चावता चावता ते थांबले, म्हणाले, गोड लागते की. मग आमटीत तुकडा बुडवला आणि घास घेतला. त्यांचा चेहरा आक्रसला.

"खारट झालीया," ते म्हणाले.

काकू वाढता वाढता थांबल्या. पळी हातात तशीच. पहिल्या पंगतीला तशाच उभ्या असतील.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "रोजच्याएवढंच मीठ हाय. मला खारट लागलं की मी समजत होते, तुमास्नी बरोबर झालं."

आप्पा ताटाकडे बघत होते. त्यांच्या तोंडात आता काकूंचं पाणी होतं, आणि त्या पाण्यानं ते रोजच्याच आमटीची चव घेत होते. ही चव कुणी किती वर्षं मुकाट्यानं गिळली, त्याचा हिशेब कुणी मांडून दाखवायची गरजच नव्हती. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मी म्हणाले, आप्पा, नका खाऊ, खारट आहे तर. त्यांनी हातानं मला थांबवलं आणि ती वाटी शेवटपर्यंत संपवली. मग ताट काकूंकडे सरकवलं नाही. उठून फडताळातून दुसरं ताट काढलं, आपल्या समोर मांडलं आणि म्हणाले, "बस. आन् उद्यापासनं तुझ्या तोंडाला लागंल तेवढंच मीठ घालायचं. मलाबी तेवढंच लागतंय आता."

नांदणगावचं मैदान मी चुकवणं शक्यच नव्हतं. आता त्या मैदानात मुलींच्याही कुस्त्या होतात, बायकांना बसायला वेगळी पायऱ्यांची रांग आहे, पण काकू कधी गेल्या नव्हत्या. नवऱ्याचा आवाज त्यांनी जन्मभर घराच्या ओट्यावरून, लांबच्या कर्ण्यातून ऐकला होता. त्या दिवशी मी त्यांना हाताला धरून नेलं. व्यासपीठावर यंत्र सज्ज होतंच, वेळ पडली तर असावं म्हणून. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही. फेटा बांधला, माईक हातात घेतला, आणि हलगीवाल्याला मान हलवून खूण केली.

मला कुस्तीतलं काही कळत नाही. पण आवाजातलं पाणी कळतं, तो माझा धंदा आहे. पहिली जोड लागली आणि आप्पांच्या तोंडून गावांची, तालमींची, वस्तादांची नावं घरंगळत यायला लागली, कुठं अडत नाहीत, कुठं चिकटत नाहीत. दुपार कलली, माती उडत राहिली, तरी बाटलीला हात गेला नाही. मुलींची एक कुस्ती अशी रंगली की सगळं मैदान उभं राहिलं, आणि आप्पांनी त्या पोरीच्या आईच्या माहेरच्या तालमीपर्यंतची वंशावळ एका दमात सांगितली. कमिटीतल्या पोरानं यंत्राची वायर कधी काढली ते मला कळलं नाही. शेवटची कुस्ती निकाली झाली तेव्हा लोक टाळ्या वाजवत नव्हते, आरोळ्या ठोकत होते. जिंकणाऱ्याच्या नावाच्या नव्हे, आप्पांच्या नावाच्या.

आप्पांनी हात वर केला. हलगी थांबली.

"मंडळी, आज सगळ्यांची वळख करून दिली. निवेदकाची राहिली," ते म्हणाले. "जोतिराम खराडे. आवाज स्वतःचा. तोंडातलं पाणी उसनं. तालीम, आमच्या घरचं सैपाकघर. वस्ताद, शालन जोतिराम खराडे. त्या समोर बसल्यात. वस्तादाला मुजरा."

आणि तो माणूस माईक खाली ठेवून बायकांच्या रांगेकडे तोंड करून कमरेत वाकला. हलगीवाल्यानं आपणहून ठेका धरला. सगळं मैदान मागं वळून बघत होतं. काकूंनी पदर डोक्यावरून इतका पुढं ओढला की मला त्यांची फक्त हनुवटी दिसत होती.

गर्दी ओसरल्यावर आप्पा आमच्यापाशी आले. मातीनं माखलेले, घसा खरवडलेला. काकूंच्या हातात पाण्याचा पेला होता, अर्धा प्यायलेला. आप्पांनी तो त्यांच्या हातातून घेतला.

"आवं, उष्टं हाय ते," काकू पटकन म्हणाल्या.

"ठावं हाय मला," आप्पा म्हणाले, आणि पेला ओठाला लावून ते सगळं पाणी प्यायले.